निरंक

मराठी दफ्तरात 'निरंक' हा शब्द मोठा सोयीचा आहे. महिनाअखेरीच्या तक्त्यात दोष, तक्रार किंवा थकबाकी यांपैकी काहीच दाखवावयाचे नसले, म्हणजे त्या रकान्यात हा एक शब्द लिहिला की काम भागते. परंतु त्याच्या पोटात एक संदिग्धता दडलेली आहे. पाहिले आणि काही आढळले नाही, हेही निरंक. आणि मुळी पाहिलेच नाही, हेही निरंकच. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. मग या दोहोंत नैतिक भेद आहे काय, आणि पुढे काहीही अनर्थ घडला नाही तरी तो भेद उरतो काय, असा प्रश्न एका मालमोटारीमुळे माझ्यापुढे उभा राहिला.

उत्तरेकडील ज्या कचेरीत मी लिपिक आहे, तेथील ट्रकची नोंदवही माझ्याकडे असते. दररोजच्या पानावर चाके, दिवे, ब्रेक असे रकाने असून चालकाच्या सहीखाली 'तपासले' म्हणून माझी सही लागते. हिवाळ्यातील एका सकाळी डोंगरातल्या ठाण्यावर सामान धाडावयाचे होते. आमच्या वयस्क चालकाने हवेचा दाब पुरता चढू दिला, इंजिन बंद केले, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि तो दाबमापकाकडे पाहत बसला. मग खाली उतरून म्हणाला, "बाबूजी, गाडी आता निघणार नाही. काटा उतरतो आहे." मला उशिराची चिंता होती. आदल्या दिवशीच्या पानावर 'ब्रेक ठीक' अशी नोंद होती. तीच मी त्याच्यापुढे धरली. तो शांतपणे म्हणाला, "सही आपली आहे, बाबूजी. गाडी मला चालवायची आहे."

एका चाकाजवळची रबरी नळी चिरली होती. ती बदलून गाडी दुपारी निघाली आणि सुखरूप परतली. घडले ते एवढेच. परंतु दोन वर्षे मी ज्या काट्याविषयी सही करीत होतो, तो काटा मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

अवजड वाहन थांबविणारे बळ चालकाच्या पायाचे नसते. ते कोंडलेल्या हवेचे असते. इंजिनाच्या जोरावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पाय दाबला की ती हवा चाकांजवळ जाऊन एक दांडा पुढे रेटते, आणि अस्तर लावलेले ब्रेक-शू ड्रमला आतून घासू लागतात. हवाच निघून गेली तर काय, ही शंका फार जुनी आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला आणि थोड्याच वर्षांत त्याची योजना उलटी केली: दाब नाहीसा होणे हीच ब्रेक लागण्याची खूण ठरविली. आजच्या ट्रकमध्येही उभी गाडी धरून ठेवणारा ब्रेक एका जबर स्प्रिंगचा असतो. हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाके जखडतात. संशय येताच थांबावे, हा विवेक माणसाने यंत्रात घालून ठेवला आहे.

तथापि यंत्राच्या विवेकालाही मर्यादा आहे. हवा नाही हे त्याला कळते. अस्तर झिजले आहे हे कळत नाही. झीज झाली की दांड्याची धाव लांबते. घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावून अस्तरापासून दूर सरकतो, आणि दांड्याला आणखी पुढे जावे लागते. शेवटी त्याची धाव संपते. मापक त्या वेळीही भरपूर दाब दाखवीत असतो! सपाट रस्त्यावर लपलेला दोष उतारावर असा उघडा पडतो. तो आधी पाहावयाचा तर चाकांना दगड लावून कोणीतरी गाडीखाली वाकलेच पाहिजे.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वचिंतकाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाल्याची शंका त्याच्या मनात येते. परंतु इतक्या सफरी पार पडल्या, ईश्वर याही वेळी सांभाळील, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि निःशंक मनाने प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे, की त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषीच, कारण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालणारा आमचा चालकही श्रद्धाळूच आहे. पण तो नमस्कार करतो आणि मग गाडीखाली वाकतो.

आपल्या कायद्यानेही हीच भूमिका घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १९० व्या कलमानुसार, ठाऊक असलेला दोषच नव्हे, तर साधारण काळजी घेतली असती तर सापडला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणे हाही अपराध आहे. अज्ञान येथे ढाल होऊ शकत नाही. शिवाय हे कलम केवळ चालविणाऱ्यापुरते नाही. चालवावयास लावणारा आणि चालवू देणारा यांनाही ते लागू आहे. हे योग्यच आहे. रात्रभर जागलेल्या चालकाला पहाटे तपासणीपुरतीही उसंत न देणाऱ्याने, न पाहण्याचे पाप एकट्या चालकाच्या माथी का मारावे?

यावर कोणी म्हणेल, मग सह्या वाढवा. अमेरिकेचा अनुभव याबाबतीत विचार करण्यासारखा आहे. तेथे ट्रकचालकाला दिवसाच्या शेवटी वाहनाचा लेखी अहवाल द्यावा लागे, दोष नसला तरीही. सुमारे ९५ टक्के अहवाल निर्दोष असत. २०१४ च्या डिसेंबरात मालवाहू वाहनांपुरती ही निरंक अहवालाची सक्ती उठविण्यात आली; तपासणीचे कर्तव्य मात्र कायम राहिले. सहीमुळे पाहण्याची आठवण होते, हे खरे. परंतु तीच सही रोजची झाली म्हणजे पाहण्याची जागा बळकावते, हेही तितकेच खरे. माझ्या बाबतीत तेच झाले होते. मी खोटे लिहीत नव्हतो. माझे लिहिणे बहुधा खरेच ठरे. पण ते खरे ठरण्यात माझा काही भाग नव्हता. सत्य बोलणे आणि योगायोगाने सत्य ठरणे यांत जे अंतर आहे, तेच या दोन निरंकांत आहे.

हल्ली सही करण्यापूर्वी मी अंगणात उतरतो, चालकाशेजारी बसून तो एक मिनिट काट्याकडे पाहतो. एखाद्या दिवशी थंडीमुळे वा आळसामुळे उतरणे होत नाही. त्या दिवशी माझ्या सहीची जागा मी कोरी ठेवतो. कोरी जागा वरिष्ठांना खटकते आणि त्यावर शेरा येतो. तो मी मुकाट्याने स्वीकारतो. कारण त्या पानावर निदान माझ्यापुरते तरी खरे असे तेवढेच असते.