समोरचा कोण?

(मूर्तिजापूर. कापूस बाजारातून निवृत्त झालेले अडते काका आणि ऑप्शनचे सौदे करणारा त्यांचा पुतण्या.)

पुतण्या: काका, मी बँक निफ्टीचा कॉल घेतो, पण तो विकला कोणी हे कधीच कळत नाही. स्क्रीनवर भाव दिसतो, नाव दिसत नाही. संध्याकाळी एनएसई आकडे देते, त्यातही चारच गट: क्लायंट, प्रो, एफआयआय, डीआयआय.

काका: तुले नाव कायले पायजे? पैसे बुडतीन म्हणून?

पुतण्या: पैशाची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेतं. माझ्यासाठी विकणारं तेच, समोरच्यासाठी घेणारंही तेच.

काका: मंग बरं हाये. आमच्याकडं व्यापाऱ्याचं नाव आधी पायजे, चुकारा तोच देते. पयले रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत, शेतकऱ्याले भावही समजत नव्हता. 1886 मधी आपल्या जवळच्या कारंज्यात देशातला पयला नियंत्रित बाजार निघाला. मंग हळूहळू उघडे लिलाव आले.

पुतण्या: म्हणजे उघडं असणंच चांगलं ना?

काका: थांब. भाव उघडा पायजे. पण शेतकऱ्याची अडचण उघडी पडली का तो मेला. पोरीचं लग्न हाये, सोसायटीचं कर्ज थकलं हाये, हे घेणाऱ्याले समजलं का बोली खाली आलीच. लहान माणसाचं नाव झाकलेलंच बरं.

पुतण्या: पण त्याच आडोशाला मोठाही उभा राहतो. 3 जुलै 2025 ला बाजार नियामक सेबीनं जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला, 4,843 कोटी रुपये जप्त करायला सांगितले. आदेशातलं एक उदाहरण 17 जानेवारी 2024 चं. सकाळी बँकांचे शेअर अन् फ्युचर्स घेऊन बँक निफ्टी निर्देशांक वर धरला, तेव्हाच ऑप्शनमध्ये उलटी बाजू उभी केली, दुपारी शेअर विकून टाकले. शेअर-फ्युचर्समध्ये सुमारे 61 कोटी गेले, ऑप्शनमध्ये सुमारे 735 कोटी आले.

काका: कंपनी काय म्हणते?

पुतण्या: आरोप नाकारते.

काका: अन् सेबीले कसं समजलं?

पुतण्या: प्रत्येक सौद्यामागं पॅन असतो.

काका: म्हणजे नाव होतंच. तुह्यापासून झाकलं होतं.

पुतण्या: तेच सलतं. लोकांना कळलं ते जवळजवळ दीड वर्षानं. शेअर बाजारात कंपनीचे अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर कोणी एका दिवसात घेतले, तर बल्क डील म्हणून त्याच संध्याकाळी नाव छापून येतं. ऑप्शनला तशी सोय नाही.

काका: सेबीच्याच अभ्यासात 2022 ते 2024 च्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणारे शंभरातले त्र्याण्णव लहान लोक तोट्यात गेले. नावं छापली असती तर ते वाचले असते काय?

पुतण्या: बहुतेक नाही. माझ्यासमोर यंत्रं आहेत, नाव कळून माझा वेग वाढणार नाही. पण निर्देशांक हलवणारा अन् त्या हलण्यावर कमावणारा एकच असेल, तर मी बाजाराचा नाही, त्याचाच भाव मोजतोय. पैसे मिळतील याची हमी आहे. भाव खरा आहे याची हमी कोण देतं?

काका: पण आजच नाव लावलं तर मोठा उद्या दहा नावानं येईन. अन् लोक त्याच्या मागं मेंढरावानी धावतीन.

पुतण्या: म्हणून आज नको. सौदा चालू असताना सगळ्यांचंच नाव झाकलेलं असू द्या, माझंही. एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत, संपली की ठरावीक मर्यादेहून मोठ्या पोझिशन नावानिशी छापा, शेअर अन् ऑप्शन एकाच ओळीत.

काका: हे मले पटते. चुकारा झाल्यावर वही दाखवाले कोणाची हरकत नसावी.

ही वही सेबीकडे आजही आहे. तिनं ती ठरावीक मुदतीनंतर लोकांसमोर ठेवावी, ही मागणी मूर्तिजापूरसारख्या गावांतून, जिथं मोबाइलवर रोज हे सौदे होतात, मोठ्यानं व्हायला हवी.