वाटेवरचा सेवक

उत्तरेचा श्रावण महाराष्ट्राच्या आषाढातच, पौर्णिमेनंतर, सुरू होतो. आणि हरिद्वारहून निघालेल्या कावडी मुजफ्फरनगर, मेरठ, मोदीनगर, मुरादनगर करीत गाझियाबाद आणि दिल्लीत उतरू लागतात. दोनशे किलोमीटरांहून लांबच्या या वाटेवर जागोजागी सेवाशिबिरांचे तंबू पडतात. भरलेली कावड भुईला टेकू द्यायची नसते, म्हणून तेथे ती टांगण्यासाठी आडवे बांबू बांधलेले असतात. कोणी पुऱ्या तळतो, कोणी फोडांवर पट्टी बांधतो. राबणूक यांची, व्रत दुसऱ्याचे.

अशा सेवेला आपण निरपवाद पुण्य मानतो. परंतु सुजल्या पायाला पट्टी बांधणारा त्या पायाला पुढच्या वीस कोसांसाठी समर्थ करीत असतो, आणि त्या वीस कोसांच्या वेदनेत त्याचाही काही वाटा असतो. आपण केवळ पट्टी बांधली, हे त्याचे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे.

हाच पेच दूरच्या अलास्कात अधिक उघडा दिसतो. १९२५ च्या जानेवारीत नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालकांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी बर्फावरील घसरगाड्यांतून प्रतिविष ६७४ मैल वाहून साडेपाच दिवसांत पोहोचवले. एका जथ्याने दमावे, दुसऱ्याने तेच ओझे पुढे न्यावे, ही रीत दिल्लीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या डाक कावडीलाही अनोळखी नाही. १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी सुमारे हजार मैलांची इडिटारोड शर्यत होते, आणि त्या जुन्या धावेची आठवण तिच्याशी जोडली गेली आहे. वाटेवरच्या ठाण्यांत स्वयंसेवक पशुवैद्य कुत्र्यांची हृदये, सांधे, पंजे तपासतात. थकलेले कुत्रे तेथेच मागे ठेवले जाते. तरीही या शर्यतीत कुत्री दगावली आहेत, आणि प्राणिमित्रांचा विरोध शमलेला नाही.

१९२५ साली ओढीच्या दुसऱ्या टोकाला आजारी मुले होती. आता तेथे विजयरेषा आहे. कुत्र्याला हा फरक कळत नाही, त्याला धावण्याची हौस मात्र खरीखुरी असते. पण हौस म्हणजे संमती नव्हे. नोम किती दूर आहे हे ठाऊक नसलेला जीव संमती देणार कशाची? म्हणून तेथील वैद्याची निष्ठा शर्यतीशी नसून कुत्र्याशी असावी लागते, आणि थांबवण्याचा अधिकार हाच त्याच्या सेवेचा गाभा ठरतो. आपल्याकडे आळंदीच्या पालखीचा रथ दिवे घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात. वारकऱ्याने चालणे स्वतः पत्करलेले असते. बैलाला मान मिळतो, मोठा मान मिळतो. निवड मिळत नाही.

माणसाची गोष्ट वेगळी, असे म्हणून सुटता येईल. कावडिया 'पुरे' म्हणू शकतो. त्याच्या व्रतात हात घालण्याचा अधिकार सेवकाला नाही. हे बव्हंशी मान्य करावेच लागते, नाहीतर सेवेचे रूपांतर पालकत्वात होते. मात्र गल्लीतल्या मित्रांबरोबर निघालेला, नेमल्या तासांत मंदिर गाठण्याच्या ईर्ष्येने डाक कावडीत धावणारा सतरा वर्षांचा मुलगा 'पुरे' हा शब्द कितपत मोकळेपणाने उच्चारू शकेल? संमतीलाही सोबत्यांचे वजन असते.

सेवेची आणखी एक बाजू तंबूबाहेर असते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावे झळकवण्याचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणते ते सांगा, नाव सांगण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. थकल्याभागल्याला पाणी देणाऱ्याचे नाव विचारले जाऊ लागले, की वाटेवरची सेवा कोणाला करता येईल हे आधीच ठरून जाते.

तंबूतल्या पट्टी बांधणाऱ्यापुढे मात्र तो सुजलेला पाय असतो. मुलाला चार घटका झोपवावे, सोबत्यांना पुढे जाऊ द्यावे, कावड बांबूवर सुरक्षित आहे हे त्याला पुन्हा सांगावे, इतके त्याच्या हातात असते. त्यानंतरही मुलगा उठून निघालाच, तर पट्टी घट्ट बांधून द्यावी लागते.