पशूचा जीव जाणणे

जबलपूरला आमच्या शेजारच्या कुटुंबात सात वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला झटका आला की कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो आणि ‘मिरगी’ हा शब्द दबक्या आवाजात गल्लीभर फिरतो. गर्भातच त्याच्या मेंदूच्या एका भागाची घडण बिघडली आहे. औषधांनी झटके थांबत नाहीत. आईने मला विचारले, “काका, हे कोणाच्या पापाचे फळ?” योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हेच विचारले होते, आणि प्रभूने ते नाकारले होते.

मत्तयाच्या सतराव्या अध्यायातील मुलाला आपण ‘फेफरेकरी’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्दात मात्र चंद्राची बाधा सूचित आहे. आज आपण जाणतो, की हा आजार चंद्राचा नसून मेंदूचा आहे. परंतु हे ज्ञान कोणाच्या वेदनेतून आले? मेरिट व पुटनम यांनी 1938 साली फेनिटॉइनचा रुग्णांवरील गुण प्रसिद्ध केला, त्यापूर्वी त्याची परीक्षा मांजरांना विजेचे झटके देऊन झाली होती.

मेंदूतील व्यंगाचा अभ्यास उंदरांवर होतो. नवजात पिल्लाच्या कवटीवर अतिथंड सळई काही क्षण टेकवली, की मेंदूच्या बाह्य आवरणात सहाऐवजी चारच थर तयार होतात. अशा पिल्लांचे अंग तापवले, तर धडधाकट पिल्लांपेक्षा त्यांना लवकर झटके येतात. व्यंगाभोवतालचा, वरून निरोगी दिसणारा भागही अतिउत्तेजित असतो, हे यातून कळले. शस्त्रवैद्याला हे ज्ञान मोलाचे आहे. मात्र त्या मुलाला जे आपोआप झाले, तेच आपण पिल्लाला जाणूनबुजून करतो.

हा आपला अधिकार आहे काय? उत्पत्तीतील ‘सत्ता’ या शब्दाने पुष्कळांचे समाधान होते. माझे होत नाही. नीतिसूत्रे 12:10 मधील इब्री शब्दांचा अर्थ असा, की नीतिमान आपल्या पशूचा ‘नेफेश’ जाणतो. आदाम सजीव झाला तेथेही हाच ‘नेफेश’ आहे. म्हणून “उंदीरच तो!” असे मला म्हणवत नाही. आणि “प्रयोग बंद करा” असे त्या आईच्या डोळ्यांत पाहूनही म्हणवत नाही.

1959 साली रसेल व बर्च यांनी तीन कसोट्या घालून दिल्या: पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, संख्या कमीत कमी असावी, वेदना कमीत कमी व्हावी. आपला 1960 चा कायदाही प्रयोगांना मुभा देतो, पण अनावश्यक वेदना टाळण्यास सांगतो. या कसोट्या संशोधकासाठी आहेत. चौथी कसोटी आपल्यासाठी आहे: इतक्या किमतीने मिळालेल्या ज्ञानाचे आपण काय करतो?

वाचकहो, ते ज्ञान हाताशी असूनही आपण मुलाला चप्पल हुंगवली, तर त्या मुक्या जिवाची वेदना आपणच व्यर्थ केली. पुढच्या वेळी मुलाला कुशीवर वळवा, त्याच्या तोंडात काही घालू नका, झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर इस्पितळात न्या. आणि त्याच्या आईला पापाचा हिशेब विचारू नका. हे ऋण फिटणारे नाही. निदान ते मान्य तरी करू या.