कुत्र्याची छत्री

पावसाळ्यात जमिनीतून जे काही डोके वर काढते, त्याची आपण मराठी माणसांनी फार सोपी वाटणी करून ठेवली आहे. खाण्याजोगे असेल तर ती अळंबी. नसेल तर ती कुत्र्याची छत्री. या छत्रीखाली कुत्र्याने कधी आसरा घेतलेला कोणी पाहिलेला नाही. पण आपल्या कामाची नसलेली वस्तू कुत्र्याच्या नावावर चढवून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत. या दोन ढिगांवर पिढ्यान्‌पिढ्या भागले. आता तिसऱ्या ढिगाची गोष्ट कानावर येऊ लागली आहे. पोटासाठी नव्हे, तर डोळे मिटल्यावर आत इंद्रधनुष्य उगवावे म्हणून रानातली छत्री शोधणारी माणसे निघाली आहेत. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्या घरात तरुण मूल आहे, त्या घराच्या उंबरठ्याशी तो आज ना उद्या येणारच.

आमचा भाग म्हणजे पालघर, बोईसर, तारापूर. रुळाच्या पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि समुद्राकाठी १९६९ साली सुरू झालेले अणुकेंद्र; पूर्वेला मनोरच्या दिशेने गेलेले डोंगर, सागाची राने आणि वारल्यांचे पाडे. मृगाच्या सरी पडल्या की पूर्वेच्या बायका टोपलीत रान घेऊन बाजाराला येतात. आधी शेवळे येते. शेवळ्याची भाजी ज्याने चाखली आहे त्याला तिची चव सांगायला नको, आणि जिने ती पहिल्यांदा नुसतीच शिजवली तिला घशाची खाज सांगायला नको. म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडाची आंबट फळेही देते. खाज आणि खाजेचा उतारा एकाच टोपलीत असतो.

पुढे पाऊस मुरला की अळंबी येते. उधई आपल्या वारुळात बुरशीची चक्क शेती करते, आणि त्या शेतीला पावसात जमिनीवर जे कोंब फुटतात ते आपण आवडीने खातो, असे शास्त्रज्ञ सांगतात. टोपलीवालीने ते पुस्तकात वाचलेले नसते. पण कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात, किती दिवस, हे तिला ठाऊक असते. मला मात्र तिच्या ज्ञानाची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. ती जेवढे खुडते त्याच्या कितीतरी पट जागेवर सोडते. रानाचे ज्ञान म्हणजे काय घ्यावे याचे ज्ञान, असे आपण समजतो. खरे पाहता ते काय सोडावे याचे ज्ञान आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आता तारापूरच्या एका कारखान्यात पाळ्या करतो. हुशार, वाचणारा, थोडा एकटा. गेल्या श्रावणात तो घरी आला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वर्गात पाड्यांवरची मुलं आहेत. गुरं कुठं चरतात, तिथं काय उगवतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. एखाद्याला मला दाखवायला सांगा ना. पैसे देईन मी." कशासाठी, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. मी नाही म्हटल्यावर त्याने वादही नीट घातला. "मी चोरी करत नाही, कोणाला मारत नाही. रानात आपोआप उगवलेली वस्तू, माझं शरीर, माझं मन. यात अनीती कुठं आहे ते दाखवा."

मुलाला विचारणार नाही, एवढेच मी त्या दिवशी म्हणालो. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला नुसत्या नकाराने उत्तर मिळत नाही. शिक्षकाने तर तसे करूच नये.

प्रथम त्याच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलले पाहिजे. ही वस्तू केवळ टवाळांची नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखात मासातेक लोक शतकानुशतके तिचा उपयोग आजाऱ्यांसाठी करीत आले. गॉर्डन वॅसन नावाच्या अमेरिकन बँक अधिकाऱ्याने १९५५ साली तेथे ती खाल्ली आणि १९५७ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात तिची हकीकत छापली. पुढच्याच वर्षी आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातले द्रव्य वेगळे काढून दाखवले. त्याचे नाव सायलोसायबिन. इतर औषधांना दाद न देणाऱ्या विषण्णतेवर ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून विशेष परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. म्हणजे हे सगळेच थोतांड आहे, असे म्हणून सुटका होत नाही.

हाच वॅसन पुढे आपल्या वेदांपर्यंत पोचला. ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीचे एक भूछत्र होय, असे त्याने १९६८ साली ग्रंथ लिहून मांडले. पंडितांनी त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. पण सोमाची एक गोष्ट वादाबाहेर आहे. तो कोणी एकट्याने खोलीचे दार लावून प्यायचा नव्हता. त्याला यजमान होता, ऋत्विज होते, दिवसातून तीनदा ठरल्या वेळी रस काढायचा नियम होता. एका पेयाभोवती एवढी माणसे उभी असत. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी इथल्या याज्ञिकांच्या सोमवल्लीचा रस जिज्ञासेने चाखला. तो इतका बेचव होता की काही चमच्यांपलीकडे त्यांना पिववेना! स्वर्ग सर्वांनाच मानवतो असे नाही.

आता कायदा. 'कायद्यात गुन्हा आहे' एवढे सांगून पुष्कळ वडीलमाणसे वाद संपवतात. ते सांगणे खरे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसायबिनचे नाव आहे. थोड्या मात्रेसाठी एक वर्षापर्यंत, तर व्यापारी मात्रेसाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा त्यात सांगितली आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीनअर्जावर असे मत दिले की यादीत द्रव्य आहे, भूछत्र नाही. तेव्हा सबंध भूछत्राचे वजन न धरता त्यातल्या द्रव्याचे प्रमाण पाहावे. काहींनी याचा अर्थ मोकळीक मिळाली असा लावला. तो चुकीचा आहे. तो जामिनाचा निकाल होता, आणि द्रव्य यादीत आहे तिथेच आहे. शिवाय ते किती आहे हे प्रयोगशाळा सांगेपर्यंत आरोपी कोठडीत दिवस मोजीत असतो.

तरीही 'कायद्यात आहे म्हणून वाईट' हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी जपून म्हणावे. पालघर ठाणे जिल्ह्यात होते त्या काळी, १८९२ साली, मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. कारण, त्या फुलांची दारू निघते आणि तिच्यावर सरकारी कर बसत नाही. ज्या झाडाखाली आदिवासींच्या पिढ्या टोपल्या घेऊन बसल्या, त्याच झाडाखाली फुले वेचणे संशयाचे झाले. मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ साली उठवले. तेव्हा कायद्याने फुलाला गुन्हेगार ठरवले म्हणून फूल गुन्हेगार होत नाही, हे आम्ही जाणतो. माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात शोधायचे नव्हते.

मग ते जिवाच्या धोक्यात आहे काय? धोका मोठा आहे, यात शंका नाही. विषारी भूछत्र आपली ओळख सांगत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्लेले माणसाला चालते, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. सर्वांत घातक जातींचे विष शिजवूनही जात नाही. ते सहा ते बारा तास, कधी अधिकही, गप्प बसते. मग उलट्या-जुलाब होतात, मग बरे वाटल्याचा भास होतो, आणि त्या भासाच्या आड यकृत निकामी होत जाते. छायाचित्राशी ताडून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली भूछत्रे खाऊन १३ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक चहाच्या मळ्यांच्या आसपासची गरीब माणसे होती आणि रान त्यांना परके नव्हते. आणि ज्याला 'बरोबर' भूछत्र मिळाले तोही निर्धास्त नाही. किती खाल्ले म्हणजे किती द्रव्य पोटात गेले, हे त्याला कळत नाही. भीतीने सैरभैर होऊन माणूस रस्त्यावर धावतो. आणि ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे, त्यांचे मन अशा वेळी तुटले तर ते पुन्हा सांधेलच असे नाही.

पण धोका आहे म्हणून अनीती, हेही मला पटत नाही. सातपाटीचा मच्छीमार दर्यात जातो तोही धोका घेतो. वसाहतीतला कामगार आम्लाच्या टाक्यांमध्ये वावरतो. आम्हा तारापूरकरांना धोका हा शब्द नवा नाही. तेव्हा विचारायचे ते दुसरेच. जो धोका मी घेतो असे म्हणतो, तो खरोखर मीच घेतो का?

येथे मला मेक्सिकोतली ती बाई आठवते, जिने वॅसनला ते भूछत्र दिले. तिचे नाव मारिया साबिना. ती आजाऱ्यांसाठी रात्र जागवणारी गरीब वैदीण होती. वॅसनने दूर असलेल्या मुलाची काळजी सांगून तिच्याकडे प्रवेश मिळवला होता. त्याने लेखात तिचे नाव बदलले. तरी लोकांनी तिला शोधलेच. साठीच्या दशकात परदेशी तरुणांचे तांडे तिच्या गावात उतरले. मागून पोलीस आले. ती मादक पदार्थ विकते असा वहीम तिच्यावर आला, गाव तिच्यावर उलटले, तिचे घर जळाले. परके येऊ लागल्यापासून भूछत्रांतली शक्ती गेली, असे तिने उतारवयात सांगितले. १९८५ साली ती गेली तेव्हाही गरीबच होती. ज्यांनी अनुभव घेतला ते आपापल्या घरी परतले. अनुभवाची किंमत त्या बाईने भरली. वॅसनलाही पुढे याची खंत वाटली. पण खंतीने जळलेले छप्पर शाकारले जात नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या बेतात मारिया साबिनाच्या जागी कोण उभे होते? चौदा वर्षांचा, गुरे चारणारा एक मुलगा. पकडला गेला असता तर पिशवी त्याच्या हातात असती. वकील कुठे बसतो हे त्याच्या बापाला ठाऊक नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मामाला ठाऊक आहे. उद्या चुकीचे भूछत्र निघाले, तर 'याने दाखवले' असे त्याच्याकडेच बोट गेले असते. आणि रात्री दोन वाजता रिक्षात घालून इस्पितळ गाठायचे कोणी, तर ज्या आईला यातले काहीच सांगितलेले नाही तिने. 'माझे शरीर, माझे मन' या शब्दांत एवढी माणसे दडलेली असतात.

मच्छीमाराचे तसे नाही. तो दर्यात जातो हे घराला ठाऊक असते. नारळी पौर्णिमेला सारे गाव त्याच्यासाठी समुद्राची विनवणी करते. मासळी आली तर चूल पेटते आणि होडी आली नाही तर रडायचे कोणासाठी हे माहीत असते. धोका वाटलेला असतो आणि लाभही. म्हणून मला कसोटी वाटते ती ही : ज्या साहसाचा भार दुसऱ्यांवर पडणार आहे, ते त्या दुसऱ्यांना आधी सांगता येते काय? आणि त्यांना 'नको' म्हणण्याची सोय असते काय? पैशाची गरज असलेल्या मुलाला गुरुजींच्या शब्दाला 'नको' म्हणण्याची सोय नसते. अनीती भूछत्रात नव्हती. ती त्या लहानशा विनंतीत होती.

कोणी म्हणेल, मग दुःखाने पोखरलेल्या माणसाने करायचे काय? त्याने डॉक्टरकडे जावे, आणि लाजू नये. उद्या आपल्याकडेही हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली कायद्याने मिळू लागले, तर मी विरोध करणार नाही. कारण तेव्हा त्याच्याभोवती जबाबदार माणसे उभी असतील, सोमाभोवती असत तशी. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले. पटले की नाही, ते बोलला नाही. मात्र रात्रपाळीच्या लागोपाठच्या महिन्यांत आपल्याला झोप येत नाही, असे जाता जाता म्हणाला. पुढच्या रविवारी आम्ही दोघे मिळून डॉक्टरकडे गेलो. बहुधा तो आला होता तेच सांगायला, आणि भूछत्राची वाट त्याला त्यातल्या त्यात सोपी वाटली असावी.

ज्या मुलाला मी विचारले नाही, त्याने त्याच पावसात एकदा शाळेत सागाच्या पानाची पुडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत पांढरी, लांब देठांची अळंबी होती, माती लागलेली. "आईनं दिलीय," तो म्हणाला, "त्याच वारुळावरची काल आम्ही खाल्ली. मग तुमच्यासाठी आणली."

आधी त्यांनी खाल्ली होती, मग मला दिली होती. मी पुडी घरी नेली आणि आम्ही सर्वांनी ती निःशंक मनाने खाल्ली.