ग्रंथांचे काष्ठगृह

अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाने २०१८ साली फेएटव्हिल येथे आपल्या ग्रंथालयासाठी एक कोठार बांधले. क्वचितच मागणी येणारे ग्रंथ त्यात दाटीने रचून ठेवायचे, ही योजना. नवल आहे ते घराचे. फळ्यांचे थर एकमेकांवर आडवेउभे चिकटवून केलेले जाड तक्ते, आणि त्या तक्त्यांच्या भिंती! ग्रंथ मुळातच ज्वालाग्राही. त्यांना घरही तसेच द्यावे काय? ज्या ठेवीचे वाचक कदाचित अद्याप जन्मासही आलेले नाहीत, ती अशा जोखमीत घालण्याचा अधिकार आजच्या पिढीस आहे काय?

आक्षेप हलका नव्हे. शास्त्राचे उत्तर असे की, जाड लाकूड पेटले म्हणजे पृष्ठभागाचा कोळसा होतो व तोच गाभ्याची ढाल बनतो; आग मिनिटास एक मिलिमीटरहूनही कमी आत शिरते. उलट उघडे पोलाद सुमारे ६०० अंश सेल्सियसला आपले निम्म्याहून अधिक बळ गमावते.

परंतु घर तगले म्हणजे ग्रंथ तगले असे नव्हे. लॉस एंजेलिसचे मध्यवर्ती ग्रंथालय काँक्रीटचे. २९ एप्रिल १९८६ रोजी तेथे आग लागली. इमारत उभी राहिली. सुमारे चार लाख ग्रंथ नष्ट झाले. आपोआप पाणी शिंपडणारी नळयोजना तेथे नव्हती. याउलट कोरियातील हेइन्सा मठात धर्मग्रंथांचे ८०,००० हून अधिक कोरीव लाकडी ठसे पंधराव्या शतकातील लाकडी कोठारांत आजही सुरक्षित आहेत. वारा नीट खेळावा म्हणून तेथील खिडक्यांची मापेसुद्धा विचारपूर्वक ठरविलेली आहेत.

यावरून लाकूडच श्रेष्ठ, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. कारकुनी करणाऱ्या आम्हांस ठाऊक आहे की, पक्क्या इमारतींतील दप्तरे आगीने क्वचितच जातात. ओल, वाळवी आणि 'पुढे पाहू' हा शेरा त्यांचा घास अधिक घेतो. बांधकामाचा खर्च एकदा मंजूर होतो, समारंभाने होतो. राखणीचा खर्च मात्र दरवर्षी मागावा लागतो, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालते. भिंत अभेद्य मानली की पहारेकरी अनावश्यक वाटू लागतो. अशा निर्धास्तपणाला आम्ही विश्वासघाताची पहिली पायरी समजतो.

म्हणून भिंत कशाची, हे विचारण्यापूर्वी विश्वस्तांना एवढेच विचारावे: तीस वर्षांनंतर येथे राखण कोण करील, आणि त्याची तरतूद आज कोठे केली आहे?