बंद पडली, बंद केली, बंद पाडली

एखादी गोष्ट टिकली नाही, एवढ्यावरून ती फसली असं म्हणता येतं का? हा प्रश्न माझ्यापुढे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून आला नाही, एका क्रियापदामुळे आला. इंग्लंडमधल्या मातीच्या धावपट्टीवरच्या मोटरसायकल शर्यतींविषयीचा काही मजकूर मी सध्या मराठीत आणते आहे. रायपूरमध्ये बसून लँकेशायरच्या शर्यतींचा अनुवाद करणं ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण त्यातले तांत्रिक शब्द फारसे अडवत नाहीत. क्लचला आपण क्लचच म्हणतो. अडवतं ते एक साधं वाक्य : ही स्पर्धामालिका तीन हंगामांनंतर संपली. इंग्रजीत 'डिफंक्ट' हे विशेषण लावलं की भागतं. कोणी संपवली, हे सांगावं लागत नाही. मराठीत निवड करावी लागते. मालिका बंद पडली, बंद केली, की बंद पाडली? यंत्र बंद पडतं, दुकान बंद करतात, सभा बंद पाडतात. मुंबईच्या कापडगिरण्या 'बंद पडल्या' असं आपण सहज म्हणून जातो. ज्यांचं त्यात सगळं गेलं, त्यांच्यातले अनेक जण 'बंद पाडल्या' म्हणतात. फरक एका कान्याचा आहे आणि सगळी जबाबदारी त्या कान्यात आहे.

आधी हकीकत सांगते. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड इथे, कृषी-प्रदर्शनाच्या मैदानावर, डिसेंबर १९२३मध्ये दिव्यांच्या उजेडात झालेल्या शर्यतीपासून हा खेळ सुरू झाला असं सामान्यतः मानतात. मातीचा लांबट गोल, सहसा चार स्वार, चार फेऱ्या, आणि ब्रेक नसलेली मोटरसायकल. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि त्या घसरणीवरच ताबा ठेवायचा, हे यातलं कसब. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथे शर्यत झाली, तेव्हा आयोजकांच्या अंदाजाच्या कितीतरी पट माणसं लोटली. त्यानंतर गावोगावी धावपट्ट्या उघडल्या. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी नुकतीच बांधलेली मैदानं हाताशी होतीच. १९२९मध्ये दोन साखळी स्पर्धा सुरू झाल्या : दक्षिणेत सदर्न लीग, आणि उत्तरेत इंग्लिश डर्ट ट्रॅक लीग, जी पुढे नॉर्दर्न लीग म्हणून ओळखली गेली. लीड्स, शेफील्ड, प्रेस्टन, हॅलिफॅक्स, रॉचडेल : सूत, लोकर आणि पोलाद यांवर जगणाऱ्या गावांचे हे संघ.

पहिल्याच हंगामात संघ गळू लागले. गावं एकमेकांना खेटून, जवळजवळ प्रत्येकाची स्वतंत्र धावपट्टी, नावाजलेल्या स्वारांचं मानधन फुगलेलं. आणि नवलाई ओसरल्यावर तिकीट काढणारा प्रेक्षक मात्र तोच. त्यात मंदी आली. लँकेशायरमधले माग थांबले होते. गांधीजी सप्टेंबर १९३१मध्ये डार्वेनच्या परिसरात गिरणी-कामगारांना भेटले, ते याच दिवसांत. १९३२मध्ये उत्तरेतले आणि दक्षिणेतले तग धरलेले संघ नॅशनल लीगमध्ये एकत्र आले आणि उत्तरेची मालिका संपली. १९२९, १९३०, १९३१ : एवढंच तिचं आयुष्य.

या इतिहासातली एक बारीक नोंद माझ्या मनातून जात नाही. पहिल्या हंगामात जे संघ मध्येच बाहेर पडले, त्यांचे निकाल गुणतक्त्यातून काढून टाकले गेले. मँचेस्टरचा व्हाइट सिटी हा तगडा संघही बाहेर पडला आणि विजेतेपद लीड्सकडे गेलं. हिशेबाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. अर्धवट आकडे ठेवले तर हंगाम पूर्ण करणाऱ्यांवर अन्याय होतो. पण त्या संध्याकाळी शर्यत झाली होती. कोणीतरी पहिला आला होता, लोक ओरडले होते. गुणतक्त्याच्या लेखी त्याला अर्थ उरला नाही म्हणून ते झालंच नाही, असं होतं का?

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या पहिल्या भागात प्लेटोच्या मताला उत्तर देताना एक साधा मुद्दा मांडला आहे : पुष्कळ काळ टिकणारा पांढरा रंग एका दिवसात जाणाऱ्या पांढऱ्यापेक्षा अधिक पांढरा नसतो, तसंच चांगलेपणाचंही आहे. मराठी माणसाला हे समजायला ग्रीसला जावं लागत नाही. दीड दिवसाचा गणपती दहा दिवसांच्या गणपतीपेक्षा कमी गणपती नसतो. खेळाच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या १९७८च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली, ती थोडक्यात अशी : अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न. गोल फिरून सुरुवातीच्याच जागी यायचं, तेही ब्रेकशिवाय. यातलं मोल त्या चार फेऱ्यांतच आहे. पुढे लीग किती वर्षं चालली, यावर ते अवलंबून नाही.

पण हा दिलासा कोण कोणाला देतो आहे, हेही पाहायला हवं. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन कधी, हे प्रतिष्ठापनेआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. स्पर्धामालिकेत तसं नसतं. ती पुढच्या हंगामाच्या भरवशावर उभी असते. त्या भरवशावर कोणी कर्ज काढून मोटरसायकल घेतो, कोणी हातातली नोकरी सोडतो, कोणी मैदान भाड्याने घेतो. त्यांना नंतर 'क्षणाचंही मोल असतं' असं सांगणं म्हणजे ॲरिस्टॉटलच्या नावावर उधारी बुडवणं आहे. अल्पायुषी असणं हा दोष नाही. अल्पायुषी असण्याची शक्यता दडवून दुसऱ्याला आयुष्य पणाला लावायला बोलावणं हा दोष आहे. ॲलस्डेअर मॅकिंटायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये (१९८१) साधना आणि संस्था यांत जो भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. घसरत्या चाकावर ताबा ठेवण्याचं कसब ही साधना. लीग, मैदान, तिकीट आणि मानधन ही संस्था. साधनेला संस्था लागते, पण दोघींची बेरीज-वजाबाकी वेगळी असते. संस्था बुडाली तरी कसब फुकट गेलं असं होत नाही. आणि कसब अस्सल होतं म्हणून संस्थेचं देणं फिटत नाही.

रायपूरमध्ये राहणाऱ्याला या संदर्भात माधवराव सप्रे आठवणारच. मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या सोबतीने १९००मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. छत्तीसगढ नावाचं राज्य व्हायला तेव्हा शंभर वर्षं होती. मासिक तीन वर्षं चाललं आणि पैशाअभावी बंद पडलं. पण हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये जिची गणना होते, ती सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' १९०१मध्ये याच मासिकात आली. पुढे १९०७मध्ये त्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' सुरू केलं. १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि ते पत्रही टिकलं नाही. दोन्ही नियतकालिकं अल्पायुषी. पण एक बंद पडलं आणि दुसरं बंद पाडलं गेलं. दोघांना एकच विशेषण लावलं, तर सरकारची सुटका होते.

धावपट्टीवरही असंच झालं. सुरुवातीच्या वर्षांत या शर्यतींत स्त्रियाही होत्या. आयर्लंडची फे टेलर आणि यॉर्कशायरची ईव्हा आस्कविथ नामांकित पुरुष स्वारांशी बरोबरीने लढत. १९३०मध्ये ब्रिटनमधल्या शर्यतींत स्त्रियांना मनाई झाली. निमित्त एका अपघाताचं होतं. पुरुष स्वारांचे तर जीव गेले होते, पण म्हणून पुरुषांना कोणी मनाई केली नाही. स्त्रियांच्या शर्यती 'फार काळ चालल्या नाहीत' असं वाक्य भाषांतरात सहज बसतं, वाचायलाही खटकत नाही. मी तिथे 'बंद पाडल्या' लिहिलं आहे.

मात्र 'बंद पाडणं' दर वेळी अन्यायच असतं, असं नाही. महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या मधल्या वर्षांबद्दल घाटावरचा गाडामालक 'बंद पाडली' म्हणतो. प्राण्यांची कणव असणारा 'बंद केली आणि योग्य केलं' म्हणतो. व्याकरण हा वाद मिटवत नाही, पण विचारायचा प्रश्न दाखवतं : कोणाच्या इच्छेची दखल घेतली गेली? सूट्सच्या व्याख्येतला 'स्वेच्छेने' हा शब्द इथे कामाला येतो. फे टेलरला धावायचं होतं आणि तिला थांबवलं. बैलाला धावायचं आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. दोन्हीकडे क्रियापद एकच, न्याय वेगळा.

नॉर्दर्न लीगपुरतं मी 'बंद केली' हे रूप ठेवलं. मंदीने ती खिळखिळी केली हे खरं; पण शेवटचा निर्णय माणसांनी घेतला, उरलेल्या संघांना दुसरं घर दिलं, आणि म्हणून मँचेस्टरचा बेल व्ह्यू हा संघ पुढे अनेक पिढ्या धावत राहिला. मधल्या मध्ये गळालेल्या संघांच्या वाट्याला हे आलं नाही. त्यांच्यासाठी कोणी काही बंद केलं नाही. ते नुसतेच पडले.

जानेवारी २०२४मध्ये पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे रचून केलेली धावपट्टी, संघ, प्रायोजक, देशी-परदेशी स्वार : सगळा थाट नव्या मालिकेचा. अशा कुठल्याही मालिकेला आपण पहिला प्रश्न विचारतो, ही टिकेल का? त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. देता येण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. हंगाम मध्येच थांबला, तर आधी कोणाचे पैसे चुकते होणार? जायबंदी झालेल्या स्वाराचा दवाखाना कोण पाहणार? निकाल कुठे जपून राहणार? मेकॅनिकला ही खबर वर्तमानपत्रातून कळणार, की त्याआधी कोणी सांगणार? ही उत्तरं पहिली शर्यत सुटायच्या आधी कागदावर असली, तर मालिका तीन हंगाम चालली काय आणि तीस चालली काय, तिला फसवी म्हणायची वेळ कोणावर येणार नाही.