गोळीच्या टोकाचा विचार

इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. टांगलेल्या लोलकावर गोळ्या झाडून त्याने त्यांचा वेग मोजला. वेगवान गोळीला हवा जितकी अडवते असे विद्वान मानत होते, त्याच्या कितीतरी पट ती अडवत होती. तरी पुढे दीडशे वर्षे सैन्यांच्या गोळ्या आधी गोल आणि मग बोथट नाकाच्याच राहिल्या. धूरविरहित दारूने वेग वाढवला, तेव्हा कुठे १८९८ साली फ्रान्सने आणि पाठोपाठ जर्मनीने अणकुचीदार गोळी स्वीकारली. टोक जितके निमुळते तितकी गोळी उत्तम, हा विचार तेव्हा रुजला.

त्याला छेद दिला फ्रँकलिन मान या अमेरिकी डॉक्टरने. आयुष्याची कित्येक वर्षे त्याने मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि १९०९ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. नाक बिघडले तरी गोळी फारशी भरकटत नसे. बूड जरा तिरके झाले, की मात्र ती निशाणापासून दूर जाई. नळीतून सुटताना मागचा वायू तिरक्या बुडाच्या एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलवतो. सुबकतेइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो समतोल, ही जाण इथून पक्की झाली.

स्पर्धेच्या गोळ्या याच जाणिवेतून घडल्या. सैनिकी गोळीत शिसे मागून भरतात, त्यामुळे तिचे बूड उघडे राहते. स्पर्धेच्या गोळीत ते पुढून भरतात. शिशावरच्या तांब्याच्या आवरणाचे बूड अखंड राहते आणि उघडी बाजू टोकाला जाते. साच्यातून गोळी बाहेर ढकलणारी पिन त्याच टोकावर टेकते, म्हणून तिथे दीड-दोन मिलिमीटरचे तोंड उरते, तेही काहीसे दातेरी आणि प्रत्येक गोळीत थोडे निराळे. बुडाचा प्रश्न सुटला, त्याची किंमत टोकाने मोजली.

शंभर यार्डांवर टोकांतला हा फरक जाणवत नाही. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळी दीड सेकंदाच्या आसपास हवेत असते. जिचे टोक अधिक ओबडधोबड, ती वेग लवकर गमावते आणि खाली लागते. हाताने काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांनी आधी ही टोके छाटून एकसारखी केली. गोळ्या सारख्या झाल्या, पण तोंड रुंदावले आणि हवेचा अडथळा वाढला. मग आली टोक मिटवणारी डाय. काडतुसे भरण्याच्या नेहमीच्याच प्रेसमध्ये ती बसते. नळकांड्यात गोळी सरळ धरली जाते आणि वरचा निमुळता साचा तिचे तोंड हलकेच आवळतो. साचा किती खाली यावा, हे मायक्रोमीटरने ठरते. जॉन व्हिडनसारख्या लांब पल्ल्याच्या विजेत्यांनी अशा डाय बनवल्या, तेव्हा सारखेपणा आणि निमुळतेपणा एकाच गोळीत नांदू लागले.

हवा कापण्याची गोळीची क्षमता यातून काही टक्क्यांनीच वाढते. माझ्या मते डायची खरी देणगी वेगळी आहे: दहा गोळ्यांची एकमेकींशी जुळणी. सगळ्या गोळ्या सारख्याच मंदावत असतील, तर नेमबाज दुर्बिणीवर तेवढी दुरुस्ती करून घेतो. प्रत्येक गोळी निराळी मंदावत असेल, तर त्यावर कसलीच दुरुस्ती चालत नाही. म्हणून आधी लांबीनुसार गोळ्या निवडाव्या लागतात. लांब गोळी साच्यात अधिक आवळली जाते आणि टोकामागे फुगवटा येतो. हव्यासाने जास्त आवळले, तरी तेच होते. डाय मर्यादा पाळायला लावते, हेही मला तिच्यात मोलाचे वाटते.

रॉबिन्सने अडथळा मोजला, मानने कारणांचा क्रम लावला, आजच्या नेमबाजाने उरलेला फरक हातात घेतला. हा क्रम उलटवून चालत नाही. दारूचे वजन, काडतुसाच्या मानेची पकड, बुडाचा सरळपणा यांत ढिलाई असेल, तर टोकावर घालवलेली संध्याकाळ वाया जाते. ही कामे चोख झाली, की उरलेली चूक टोकाची म्हणून ओळखता येते, आणि ओळखता आलेली चूकच दुरुस्त करता येते.